ड्राय बाल्कनीतला फेस आणि गच्चीवरची नळी

रविवारी सकाळी आमच्या ड्राय बाल्कनीत फेस यायचा. आमचं वॉशिंग मशीन बंद, नळ बंद, तरी जमिनीवरच्या जाळीतून आधी चार बुडबुडे, मग पांढरा फेस आणि शेवटी वरच्या कुणाच्या तरी कपड्यांचं निळसर पाणी वर येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागायचं. आमची इमारत पुण्यातली, खाली पार्किंग आणि वर पाच मजले. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. दीड वर्षात तीन प्लंबर येऊन गेले. तिघांनीही नळीत लांब लवचीक पट्टी घालून लाइन मोकळी केली, एकाने वर अ‍ॅसिडही ओतलं, आणि जाताना प्रत्येकाने तेच सांगितलं: चोकअप होतं, काढलंय. पुढच्या रविवारी फेस पुन्हा यायचा.

चौथ्या वेळी आलेल्या वयस्कर मिस्त्रींनी जाळीकडे पाहिलं, खाली जाऊन पार्किंगच्या छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, गच्चीची किल्ली आणा."

गच्चीवर डक्टच्या, म्हणजे इमारतीच्या नळ्या जिथून जातात त्या उभ्या पोकळीच्या, कडेला पीव्हीसीची एक नळी वर आलेली होती. ती फरशीपासून वीतभर उंचीवर कापलेली होती आणि तिच्या तोंडात सिमेंटचा गोळा बसवलेला होता. आदल्या उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, तेव्हा ती मध्ये येते म्हणून कुणीतरी बुजवून टाकली होती. आमच्यापैकी कुणालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नव्हतं, कारण त्या नळीतून कधी पाणी येताना कुणी पाहिलंच नव्हतं. ती पाण्यासाठी नव्हतीच, हवेसाठी होती.

आपण सांडपाण्याच्या लाइनचा विचार करतो तो फक्त पाण्याचा. तुंबलं की मोकळं करायचं, एवढंच. मशीनच्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त तक्रारी मला आता हवेच्या वाटतात, आणि म्हणूनच त्या पट्टी घालून सुटत नाहीत. हे कसं, ते नीट सांगते.

तेलाच्या डब्याचं दुसरं भोक

तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना एकच भोक पाडलं तर तेल गचके देत पडतं. थोडं पडतं, थांबतं, डबा गुडगुडतो, पुन्हा पडतं. समोरच्या कोपऱ्यात खिळ्याने दुसरं बारीक भोक पाडलं की धार सरळ लागते. त्या दुसऱ्या भोकातून तेल येत नाही, हवा आत जाते. तेलाने सोडलेली जागा हवेने भरली नाही, तर तेल जागचं हलत नाही.

इमारतीच्या सांडपाण्याच्या उभ्या नळीला हे दुसरं भोक गच्चीवर असतं. त्याला व्हेंट म्हणतात. ते बंद झालं तरी पाणी खाली जायचं थांबत नाही. फक्त त्याला लागणारी हवा ते दुसरीकडून ओढून घेतं, आणि ते दुसरीकडे म्हणजे आपल्या घरातले ट्रॅप.

जाळी उचलून टॉर्च मारली की आत थोडं पाणी साचलेलं दिसतं. बऱ्याच जणांना ते तुंबलेलं वाटतं. ते मुद्दाम साचवलेलं असतं. हा नहाणी ट्रॅप. शब्द आपल्याच न्हाणीघरातला आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय प्लंबिंगच्या पुस्तकांतही तो याच नावाने छापलेला असतो. जुन्या घरांच्या मोरीला ट्रॅप लागत नसे. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर उघड्यावर पडायचं आणि वासही बाहेरच राहायचा. पाणी बंद नळीतून नेऊ लागल्यावर मात्र त्याच नळीतून वास, वायू आणि झुरळं उलटी घरात यायची वाट तयार झाली. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपाचं पेटंट घेतलं, त्यात नळीला 'एस' आकाराचं वळण होतं. वापरानंतर थोडं पाणी त्या वळणात अडकून राहायचं आणि वायूला अडवायचं. आजचा प्रत्येक ट्रॅप याच कल्पनेवर चालतो.

चांगल्या ट्रॅपमध्ये ही पाण्याची भिंत ५० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी असते. स्वस्त, उथळ ट्रॅपमध्ये त्याहून कमी. वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे १० मीटर उंच खांबाएवढा असतो, म्हणजे ५० मिलिमीटर हा त्याचा दोनशेवा भाग झाला. नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा अर्धा टक्का कमी झाला तर ट्रॅपमधलं पाणी खाली ओढलं जातं, अर्धा टक्का वाढला तर ते जाळीतून वर येतं. शहाळ्याचं पाणी स्ट्रॉने पिताना आपण याहून जास्त ओढ लावतो. इतक्या नाजूक भिंतीवर सगळ्या इमारतीचा वास अडलेला असतो.

पाणी पडताना काय होतं

उभ्या नळीतून पाणी नळी भरून पडत नाही. ते नळीच्या आतल्या बाजूला चिकटून, अस्तरासारख्या पातळ थरात उतरतं आणि मधोमध हवेचा खांब राहतो. पडताना वेग वाढतो, पण भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे मजला-दोन मजल्यांत तो स्थिरावतो. पाचव्या मजल्यावरून निघालेलं पाणी आणि पंधराव्यावरून निघालेलं पाणी तळाशी जवळपास सारख्याच वेगाने पोचतं. उंच इमारतीत पाणी तळाला आदळून नळी फोडतं, ही भीती खरी नाही.

खरी गोष्ट वेगळी आहे. हे उतरणारं अस्तर मधल्या हवेला सोबत खेचत नेतं, आणि पाण्याच्या कितीतरी पट हवा खाली जाते. तेवढी हवा गच्चीवरच्या तोंडातून आत यायला हवी. ती आली नाही, तर वरच्या भागात ओढ तयार होते आणि वाटेतल्या ट्रॅपमधलं पाणी शोषलं जातं. वर कुणी मशीन रिकामं केलं की आपल्या सिंकखालून किंवा जाळीतून जो गुडगुड आवाज येतो, तो याचाच. ती हवा तुमच्या ट्रॅपमधलं पाणी फोडून नळीत शिरत असते. आवाज थांबल्यावर ट्रॅपमध्ये पाणी अर्धंच उरलेलं असतं, आणि दोन दिवसांनी वास सुरू होतो.

तळाशी याच्या उलट घडतं. उभी नळी आडवी होते तिथे पाणी एकदम मंदावतं, साचतं, उसळतं आणि काही क्षण आडवी नळी पूर्ण भरून टाकते. वरून पाण्याबरोबर आलेली हवा अडकते आणि दाब वाढतो. त्या दाबाला सुटायला सगळ्यात जवळचं तोंड म्हणजे सगळ्यात खालच्या मजल्याची जाळी.

यात मशीनचं पाणी बाकीच्या पाण्यापेक्षा वाईट. आंघोळीचं पाणी तांब्या-तांब्याने जातं, भांड्यांचं नळाच्या धारेने. मशीन पंपाने उपसतं. मी आमच्या फ्रंट लोडची नळी बादलीत सोडून पाहिली, तर एका उपशात १२ लिटरच्या आसपास पाणी पाऊण मिनिटात बाहेर आलं. हे कमी पाणी वापरणारं मशीन. टॉप लोडचा टब भरलेला असला तर एका वेळी ५० लिटरपर्यंत पाणी निघतं. रविवारी नऊ-साडेनऊला चार मजल्यांवर मशीनं लागलेली असतात, आणि आपल्याकडे ड्राय बाल्कनी स्वयंपाकघराला लागून असल्यामुळे बहुधा सिंकही त्याच उभ्या नळीवर असतं. त्या नळीला श्वास घ्यायला जागा किती उरत असेल, याची कल्पना करा.

फेस

फेसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरात त्याने जो त्रास दिला तो मी विसरलेले नाही, आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या कितीतरी जणांची हीच कहाणी असते.

साबणाचं पाणी नळीतून पडताना हवेबरोबर घुसळलं जातं, रवीने ताक घुसळावं तसं. तळाशी पोचल्यावर पाणी उतारावरून निघून जातं, फेस मागे राहतो. फेसाला वजन जवळपास नसतंच, त्यामुळे उतार त्याला वाहून नेत नाही. तो आडव्या नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे नेमका हवेच्या वाटेत, साचतो. मागून दुसऱ्या मजल्याचं पाणी आलं की त्याने ढकललेल्या हवेला जायला रस्ता नसतो. ती फेसाला जवळच्या शाखेत, म्हणजे घरातून उभ्या नळीला येणाऱ्या आडव्या नळीत, ढकलते आणि फेस जाळीतून बाहेर पडतो. इथे कुठेही चोकअप नसतं. पट्टी घातली तर ती सरळ पलीकडे जाते, प्लंबरला लाइन मोकळी दिसते, आणि तो खोटं बोलत नसतो.

युनिफॉर्म प्लंबिंग कोड या अमेरिकी नियमावलीत याच गोष्टीसाठी वेगळं कलम आहे. ज्या उभ्या नळीत तीन किंवा जास्त मजल्यांचं साबणपाणी येतं, तिच्या तळाच्या वळणापासून ८ फुटांच्या आत दुसरी कुठलीही शाखा जोडायची नाही. आता आपल्या पार्किंगवर उभ्या असलेल्या इमारती आठवा. गाड्यांच्या मध्ये नळ्या येऊ नयेत म्हणून उभी नळी पार्किंगच्या छतालाच आडवी वळवतात. ते छत म्हणजे पहिल्या मजल्याची जमीन. आमच्या जाळीपासून ते वळण जेमतेम चार फुटांवर होतं. मिस्त्रींनी पार्किंगच्या छताकडे का पाहिलं, ते मला तेव्हा कळलं.

म्हणून व्हेंट उघडल्यावर काय झालं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरची गुडगुड थांबली, सिंकखालचा वास गेला. आमचा फेस मात्र कमी झाला, थांबला नाही. तो थांबला आमची शाखा त्या उभ्या नळीवरून काढून स्वतंत्र नळीने थेट खालच्या चेंबरला नेली तेव्हा. खर्च झाला, पार्किंगमध्ये एक नळी जास्त आली, दोन बैठकांत वादही झाले. पण सगळ्यात खालच्या मजल्याचं पाणी वेगळं नेणं हाच या दुखण्याचा पक्का इलाज आहे. नवीन इमारतीत घर घेत असाल आणि ते सगळ्यात खालच्या मजल्यावर असेल, तर बिल्डरला हा एक प्रश्न जरूर विचारा.

साबण कमी करून निम्मा फरक पडतो. हाताने धुवायच्या पावडरीला फेस मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, कारण बादलीत फेस दिसला की कपडे निघाल्यासारखे वाटतात. मशीनच्या पावडरी कमी फेसाच्या असतात. आमच्या सोसायटीत मी घरोघर जाऊन एवढीच विनंती केली, की हाताची पावडर मशीनमध्ये घालू नका आणि माप डब्यावर लिहिलंय तेवढंच ठेवा. लोकांनी ऐकलं, त्यांचे मी आजही आभार मानते.

प्लंबरला बोलवायच्या आधी

आधी ऐका आणि वेळ टिपा. पाणी तुमचं मशीन चालू असतानाच वर येत असेल, तर दोष तुमच्या शाखेत आहे: जाळीपासून डक्टपर्यंतची नळी बारीक आहे, तिला उतार नाही, किंवा तिच्यात कचरा अडकलाय. तुमचं मशीन बंद असताना पाणी वर येत असेल, तर दोष सामाईक लाइनचा आहे आणि तुमच्या घरातली फरशी फोडून काहीही मिळणार नाही. पाणी झटकन जातं पण गुडगुड होते आणि मागून वास येतो, तर गच्चीवर जाऊन पाहा. एकाच नळीवरच्या सगळ्याच मजल्यांचं पाणी हळू जात असेल, तर चेंबर उघडा.

गच्चीवरची नळी सिमेंटनेच बुजलेली असेल असं नाही. टोपीची जाळी गंजून किंवा पाला अडकून बंद होते, पक्षी काड्या भरतात, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. कधी टाकीचं बांधकाम करताना नळी कापून तिच्यावर फरशी घालतात.

संशय असेल तर खराट्याचा एक हीर घ्या, जाळी उचला आणि ट्रॅपमध्ये तो बुडवून पाण्याची खोली मोजा. वरच्यांचं मशीन उपसून झालं की पुन्हा मोजा. पातळी उतरली असेल तर पाणी ओढलं गेलं. ही एवढी नोंद सोसायटीच्या बैठकीत तासभर बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडली, कारण मोजलेल्या गोष्टीवर वाद घालता येत नाही.

मशीनच्या नळीचे दोष आपल्या हातातले आहेत, आणि इथे मशीनचा प्रकार माहीत असावा लागतो. पंप असलेल्या फ्रंट लोडची नळी साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून वळवून खाली सोडायची असते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ती सरळ जमिनीवर टाकली तर मशीन एकीकडे पाणी भरतं आणि दुसरीकडे ते आपोआप वाहून जातं. पिंपातून रबरी नळीने रॉकेल काढताना एकदा ओढून सोडलं की ते आपसूक येत राहतं, तसंच हे. भरण्याची वेळ संपतच नाही, आणि लोक मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलून बसतात. उलट, पंप नसलेलं सेमी ऑटोमॅटिक आणि काही टॉप लोड मशीनं पाणी नुसत्या उतारावर सोडतात. त्यांची नळी जमिनीवरच ठेवावी लागते. ती उंच टांगली की पाणी टबातच राहतं.

नळीचं टोक ट्रॅपच्या पाण्यात बुडवून ठेवू नका आणि नळीच्या भोवतीची फट एम-सीलने बुजवू नका. वास येतो म्हणून बरेच जण तसं करतात. पण ती फट म्हणजे तेलाच्या डब्याचं भोक. ती बुजली की हवेची वाट जाते, आणि ट्रॅपचं घाण पाणी मशीनमध्ये ओढलं जायची शक्यता तयार होते. वास येत असेल तर दोष ट्रॅपमध्ये शोधायचा.

आणखी एक चूक फार दिसते. फर्निचर करताना मशीनसाठी भिंतीत वेगळी नळी घेतात, तिला खाली वळण देऊन ट्रॅप करतात आणि ती पुन्हा जमिनीखालच्या नहाणी ट्रॅपला जोडतात. एकामागे एक दोन ट्रॅप. मधल्या तुकड्यातली हवा दोन्हीकडून पाण्याने कोंडली जाते आणि पाणी अडखळत जातं. एका वाटेवर एकच ट्रॅप असावा. आडव्या नळीला उतार दर मीटरला अडीच सेंटिमीटरच्या आसपास द्यावा. आधीच्या फरशीवर नवी फरशी चढवताना हा उतार बहुतेक वेळा हरवतो.

आणि पाणी जातंय कुठे, हे एकदा तपासाच. कितीतरी बाल्कन्यांमधलं भोक पावसाच्या पाण्याच्या नळीला जोडलेलं असतं. तिथे मशीन लावलं तर काहीच तक्रार येत नाही, पाणी सुरेख जातं. पण ते जातं पावसाळी गटारात, तिथून ओढ्यात आणि नदीत, कुठलीही प्रक्रिया न होता. सोसायटीने पावसाचं पाणी बोअरवेलमध्ये जिरवायची सोय केली असेल तर साबणाचं पाणी थेट तुमच्याच बोअरला मिळतं. एक बादली पाण्यात खायचा रंग कालवून ओता आणि खाली कुणालातरी उभं करा. ते कुठल्या चेंबरला निघतं, ते पाच मिनिटांत कळेल.

वास

वासाचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ट्रॅप कोरडा पडणं. मे महिन्यात घर बंद करून गावी गेलो, की परत आल्यावर दार उघडताच जो वास येतो तो हाच. पाणी उडून गेलेलं असतं. प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतलं की पुरतं. जास्त दिवस जायचं असेल तर पाणी भरून वर चमचाभर खाद्यतेल सोडावं. तेलाचा तवंग पाण्याला उडू देत नाही. जाळीखालची वाटी, जी पाणी तुंबतं म्हणून काढून फेकलेली असते, ती परत बसवा. अनेक जाळ्यांमध्ये ती वाटी हाच ट्रॅप असतो.

ही गोष्ट नुसत्या वासावर थांबत नाही. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३००हून अधिक लोक आजारी पडले, त्यातले सर्वाधिक एकाच इमारतीतले. तिथल्या सरकारी तपासात जी कारणं पुढे आली, त्यांत न्हाणीघरातले कोरडे पडलेले ट्रॅप होते. लोक जमीन पाण्याने न धुता पुसून घेत, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणी पोचत नसे, आणि एक्झॉस्ट पंखा सुरू केला की नळीतली हवा घरात ओढली जायची. आपणही आता ड्राय बाल्कनीला काचा लावून ती बंद करतो, जमीन पुसतो, आणि शेजारी स्वयंपाकघरात चिमणी लावतो. चिमणी लावली की वास येतो अशी तक्रार असेल, तर चिमणी दुरुस्त करू नका. खिडकी थोडी उघडा आणि ट्रॅपमध्ये पाणी ओता.

मशीनच्या पाण्यातला कचरा म्हणजे मुख्यतः कपड्यांचा भुसा. टॉवेल आणि सुती कपड्यांचे धागे साबणाच्या मळात आणि सिंककडून आलेल्या तेलकटपणात रुततात. बोअरच्या जड पाण्यात हा थर दगडासारखा होतो. मशीनची जाळी दर आठवड्याला साफ करा, नळीच्या टोकाला बारीक जाळीची पिशवी बांधा, आणि ती रोज झटका. ट्रॅपच्या काठावरून एखादा लांब धागा आत लोंबत असेल तर तो दिव्याच्या वातीसारखा पाणी शोषून पलीकडे टाकत राहतो आणि ट्रॅप हळूहळू रिकामा करतो. असा धागा मी स्वतः काढला आहे.

अ‍ॅसिड ओतू नका. कापसाच्या धाग्यांच्या गुंत्याला ते फारसं काही करत नाही, फरशीचे आणि जुन्या नळ्यांचे सिमेंटचे सांधे मात्र खातं. जाळीत आधी ब्लीच ओतलेलं असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाल्कनीत तो जिवावर बेतू शकतो. पट्टी, स्प्रिंग, जोराच्या पाण्याचा फवारा, हे हाताचे उपायच खरे.

चेंबर साफ करायची वेळ आली तर कुणालाही आत उतरू देऊ नका. सडक्या अंड्यासारखा वास असलेला तो वायू, हायड्रोजन सल्फाइड, जास्त प्रमाणात असला की नाक बधिर करतो. वास थांबल्यासारखा वाटतो आणि माणूस कोसळतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. "पाच मिनिटांचं काम आहे, साहेब" असं तो स्वतः म्हणाला तरी नाही म्हणा आणि सक्शनची गाडी बोलवा.

सामाईक उभी नळी, व्हेंट आणि चेंबर यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते, घरातली शाखा आणि ट्रॅप आपल्या. आमच्याकडे व्हेंटची नळी पुन्हा माणसाच्या उंचीपेक्षा वर नेली, वर जाळीची टोपी बसवली. ज्या इमारतीत गच्चीपर्यंत नळी नेणं शक्यच नाही, तिथे फक्त आत हवा घेणारा एक झडपेचा तुकडा मिळतो. तो वरच्या मजल्यांची ओढ शमवतो, पण तळाचा दाब बाहेर सोडत नाही, त्यामुळे पहिल्या मजल्याच्या फेसावर त्याचा उपयोग नाही.

मिस्त्रींनी जाताना लाल ऑइलपेंट मागवला आणि नळीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: "हवेची नळी. बंद करू नये." या उन्हाळ्यात गच्चीवर पुन्हा वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा फोन आला, "ताई, ही लाल अक्षरांची नळी तशीच ठेवायची ना? भोवतीने वाटा मारून घेतो."